स्वतःची गाडी घेतली, भाडं मिळतंय, पण बॅलन्स कसा काढायचा? (जळगाव-धुळे-नंदुरबारवाल्यांनी सांगा)

पारोळेकर_दहाटायर

राम राम मंडळी.

नऊ वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. गेल्या पोळ्यानंतर फायनान्सवर जुनी दहा टायरची ट्रक घेतली. हप्ता ३१,००० चा. गाडी चालवतो मीच, सोबत मावसभाऊ क्लीनर म्हणून असतो.

ड्रायव्हर होतो तेव्हा वाटायचं की मालकाचं खरं काम म्हणजे भाडं शोधणं. आता कळतंय की तसं नाही. जळगाव एमआयडीसीत डाळमिलांच्या बाजूला सकाळी गाडी लावली की दुपारपर्यंत कोणी ना कोणी विचारतंच. त्रास आहे तो गाडी खाली झाल्यानंतरचा, म्हणजे माल उतरल्यावरचा.

एका खेपेचा हिशेब मांडतो. जळगाव ते हैदराबाद, हरभरा डाळ, १८ टन, टनाला १,९०० ठरले. म्हणजे ३४,२००. ८० टक्के ॲडव्हान्स मिळाला, २७,३६०. डिझेलचे साधारण १४,००० गेले. टोल, खुराकी (रस्त्यातलं जेवणखाण), वजनकाटा, गेटवरचा चहापाणी मिळून आणखी सहा-साडेसहा हजार. उरलं त्यातून हप्त्याची बेगमी. राहिले ६,८४०, ते बॅलन्स म्हणून ट्रान्सपोर्टवाल्याकडे. म्हणजे ॲडव्हान्स रस्त्यावर आणि हप्त्यात जातो, आणि घरात न्यायचा पैसा सगळा बॅलन्समध्ये असतो. बॅलन्स बुडाला की महिनाभर फुकट गाडी हाकली असं होतं.

एका ट्रान्सपोर्ट ऑफिसकडे पाच खेपांचे मिळून ३८,५०० अडकलेत. चार महिने झाले. दर वेळी एकच उत्तर, "पोच आली नाही." पोच म्हणजे माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती, ती मी स्वतः नेऊन तिथल्या मुनशीच्या (कारकुनाच्या) हातात दिली आहे, पाचही. आता तो मुनशी तिथे कामाला नाही. शिवाय एका खेपेचा टनाचा दर १,९०० ठरला होता, हिशेबात १,७५० धरलाय. फोनवर ठरलेलं, लिहिलेलं काही नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. थेट पार्टीचं (दलालाशिवाय, माल पाठवणाऱ्याचंच) भाडं कसं मिळवायचं, हे अडकलेले पैसे कसे काढायचे, आणि मोबाईलवरच्या भाड्याच्या ॲपवर विश्वास ठेवायचा का. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी लिहा.

रावेर_केळीपट्टा

भाऊ, डाळ सोडून थोडं इकडे रावेर, सावदा, फैजपूरकडे गाडी वळवून बघा. केळीत पैसा लवकर फिरतो, कारण केळी थांबत नाही. बागेत घड कापले की व्यापाऱ्याला गाडी त्याच दिवशी लागते. रमजान, श्रावण, नवरात्र या दिवसांत उत्तरेकडची मागणी वाढते, तेव्हा व्यापारीच गाडीवाल्याला फोन करतो. दिल्लीच्या आझादपूर मंडीत आमच्याकडून नेहमी माल जातो, पंजाब आणि काश्मीरकडेही जातो.

पण केळीचं काम नाजूक. फाळक्याला आतून पाला लावतात, घड एकावर एक दाबून रचतात, वरून पुन्हा पाला. गाडी चालत असली की वारा लागतो. उन्हाळ्यात चार-पाच तास एका जागी उभी राहिली की आत गरम व्हायला लागतं, हात घालून बघा, वाफ लागते. माझ्या भावाची गाडी मध्य प्रदेशात गुण्याजवळ बेअरिंगमुळे १४ तास उभी होती. आझादपूरला आडत्याने वरचा थर बाजूला केला, खालचा घड उचलून दाखवला, देठाकडून पिवळा पडलेला. भाड्यातून ११,००० कापले. किती तासांत माल पोचवायचा आणि उशीर झाला तर किती कापायचे, हे आधी ठरलंच नव्हतं. आडत्याने जो आकडा लावला तो घ्यावा लागला.

तापीकाठचा_पोर

दिल्लीहून रिटर्नचं काय करता? रिकामी गाडी आणली तर केळीचं भाडं कितीही असो, परवडत नाही.

रावेर_केळीपट्टा

@तापीकाठचा_पोर रिकामी आणत नाही. राजस्थानात किशनगडहून मार्बल भरतो किंवा दिल्लीतूनच इंदूर-धुळ्याचा पार्सल माल. दोन दिवस थांबावं लागलं तरी थांबतो. घाईत मिळेल त्या भावाने भरली की घरी येईपर्यंत डिझेलचेही पैसे निघत नाहीत.

धुळे_ट्रान्सपोर्टवाला

मी धुळ्यात १७ वर्षं ट्रान्सपोर्ट चालवतो. इथे दलालांना शिव्या सुरू व्हायच्या आत माझी बाजू मांडतो.

गाडीवाल्याला ८० टक्के ॲडव्हान्स त्याच दिवशी देतो तो माझ्या खिशातून. कंपनी मला ४५ ते ६० दिवसांनी देते, कधी ९०. वर्षभर माझे लाखो रुपये लोकांच्या डिझेलच्या टाक्यांत असतात. आणि मूळ पोच हातात आल्याशिवाय कंपनीचा अकाउंटवाला माझं बिल हातात धरत नाही. फोटो चालत नाही. सही हवी, शिक्का हवा, तारीख हवी, आणि शेरा असेल तर तोही वाचता यायला हवा. पोच हरवली की माझं अख्खं बिल अडकतं, नुसतं तुमचा बॅलन्स नाही.

पारोळेकर भाऊंच्या बाबतीत मात्र ऑफिसचं चुकलंय असं मला वाटतं. पोच घेतली तर पोचेची पोच द्यायला हवी. माझ्याकडे रजिस्टर आहे, गाडीवाल्याची सही घेतो आणि त्याला चिठ्ठी देतो.

तीसवरीस_स्टेअरिंग

भाऊ, मी ३० वरीस गाडी हाकेल शे. पैसा हातमा इना तव्हय भाडं खरं. बाकी बठ्ठं बोलनं.

म्हणजे पैसा हातात आला तेव्हाच भाडं खरं, बाकी सगळं बोलणं. आता अहिराणी सोडून मराठीत लिहितो, नातू टाइप करतोय. आमच्या वेळी धुळ्याला आग्रा रोडवर गाडी उभी करायची, सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा दोन्ही रस्ते तिथे मिळतात, म्हणून चारी दिशांचा माल लागायचा. मोबाईल नव्हता. मुनशी पानपट्टीवर येऊन सांगायचा, "इंदूरची लागली." पण एक गोष्ट तेव्हा होती आणि आता राहिली नाही. भाडाचिठ्ठीवर दर, वजन, ॲडव्हान्स, बॅलन्स, सगळं कार्बन टाकून लिहिलं जायचं आणि एक कागद ड्रायव्हरच्या खिशात यायचा. आता फोनवर "हो हो भाऊ, तेवढेच देऊ" एवढ्यावर १८ टन माल भरून पोरं निघतात. भाडं ठरताना तुमची गाडी रिकामी असते आणि त्याला माल पाठवायची घाई असते. तेवढाच अर्धा तास तुमचा असतो. माल भरून ताडपत्री बांधली की तुमचं कोण ऐकतो?

हिशेबवाली_अमळनेर

आमच्या दोन गाड्या आहेत. नवरा आणि दीर चालवतात, हिशेब माझ्याकडे. बीकॉम झाल्यावर इतकं काही करायला मिळेल असं वाटलं नव्हतं, पण हे काम मला मनापासून आवडतं. म्हणून सविस्तर लिहिते.

आप्पांनी (तीसवरीस_स्टेअरिंग) म्हटलं ते आम्ही व्हॉट्सॲपवर करतो. गाडी लावायच्या आधी मी ट्रान्सपोर्टवाल्याला मेसेज टाकते: गाडी नंबर, कुठून कुठे, टनाचा दर, किती टनांचं हमीवजन (माल कमी भरला तरी तेवढ्याचे पैसे), ॲडव्हान्स किती, बॅलन्स पोच मिळाल्यावर किती दिवसांत, खाली व्हायला २४ तासांपेक्षा जास्त लागले तर दिवसाला किती हॉल्टिंग (गाडी उभी राहिल्याचे पैसे). शेवटी लिहिते, "बरोबर असेल तर ओके कळवा." ओके आल्याशिवाय गाडी गेटच्या आत जात नाही. पहिल्यांदा लोक चिडले. आता तेच लोक आमच्या गाडीला आधी बोलावतात, कारण नंतर भांडण होत नाही.

पोचेचं सांगते. नवऱ्याकडे जाड प्लास्टिकची झिपची पिशवी असते. पावसाळ्यात एकदा पोच शर्टाच्या खिशात भिजली, शिक्क्याची निळी शाई पसरून सही वाचता येईना, आणि ४,२०० सोडावे लागले. तेव्हापासून सही-शिक्का झाला की तिथेच उजेडात फोटो, पुढून आणि मागून. मागच्या बाजूला पेन्सिलने शेरा लिहिलेला असतो, तो ड्रायव्हर बघतच नाही. मूळ कागद घरी आला की स्पीड पोस्टने ऑफिसला. थोडे पैसे जातात, पण ट्रॅकिंगवर कुणाच्या सहीने घेतलं ते दिसतं. "पोच आली नाही" हे वाक्य आमच्याकडे संपलं.

आता कपातीचं. बॅलन्समधून टीडीएस (देणाऱ्याने आधीच कापलेला आयकर) कापला असं किती जण निमूट ऐकून घेतात? आयकरात त्याला सूट आहे (१९६१ च्या कायद्यात कलम १९४सी). वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसतील आणि तुम्ही पॅनसह तसं घोषणापत्र दिलं, तर वाहतुकीच्या भाड्यावर टीडीएस कापायचा नसतो. एका पानाचा कागद आहे, दर आर्थिक वर्षाला एकदा द्यायचा. आणि पॅनच दिला नाही तर २० टक्के कापायची तरतूद आहे, तेव्हा पॅन द्यायला कंजूषपणा करू नका. कोणी "जीएसटी कापला" म्हणत असेल तर विचारा कशाचा. मालवाहतूक एजन्सीला गाडी भाड्याने देणं जीएसटीतून मुक्त आहे. बिल्टी (मालासोबतचा वाहतुकीचा कागद) त्यांची, कर त्यांच्या आणि पार्टीच्या बाजूचा. तुमच्या बॅलन्समधून तो काढायचा संबंध नाही.

अजून एक. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून घ्या. आधार आणि पॅनवर होते, सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट. बाहेर दुकानात हजार-दोन हजार मागतात, देऊ नका. २००६ च्या एमएसएमईडी (छोट्या उद्योगांच्या) कायद्यात आहे की सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. नाही दिले तर एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार. २०२३-२४ पासून आयकरात नवं कलम आलंय (१९६१ च्या कायद्यात ४३बी(एच)), त्यात अशी रक्कम मुदतीत दिली नाही तर त्या वर्षी देणाऱ्याला तो खर्च म्हणून वजावट मिळत नाही. मार्च आला की या एका कलमाची आठवण करून दिलेला मेसेज भारी काम करतो.

नवापूर_हायवे

ताई, स्क्रीनशॉट घेऊन ठेवला सगळ्याचा.

धुळे_ट्रान्सपोर्टवाला

@हिशेबवाली_अमळनेर टीडीएसचं आणि मेसेजचं पटलं. ४५ दिवसांचं मात्र माझ्या बाजूने बघा. मी पण छोटाच माणूस आहे, माझीही उद्यम नोंदणी आहे. कंपनीने मला ९० दिवसांनी दिले तर मी तुम्हाला ४५ मध्ये कुठून देऊ?

हिशेबवाली_अमळनेर

दादा, मग तुम्हीही कंपनीला तोच कायदा दाखवा ना. तुम्ही दाखवत नाही कारण पुढच्या महिन्याचं काम जाईल अशी भीती. ती भीती मला समजते, आमच्याही घरात आहे. पण तुमच्या भीतीचं ओझं शेवटी सगळ्यात खालच्या माणसाच्या डिझेलवर पडतं. माझं म्हणणं एवढंच की ६० दिवस लागणार असतील तर भाडं ठरतानाच ६० सांगा. मग आम्ही ठरवू की गाडी लावायची का.

धुळे_ट्रान्सपोर्टवाला

हे मान्य. सांगायला हवं. आम्ही बरेच जण सांगत नाही.

चोपडा_जिनिंग

कापसाच्या गाठींची भाडी बघा. हंगामात चोपडा, धरणगाव, जळगाव इथल्या जिनिंगवरून तामिळनाडूच्या सूतगिरण्यांकडे गाठी जातात. जिनिंगवाले ठरलेल्या गाडीवाल्यांनाच बोलावतात. तिथे शिरायचं असेल तर हंगाम सुरू व्हायच्या महिनाभर आधी जाऊन बसा, गाडीची कागदपत्रं दाखवा, आणि पहिली दोन भाडी दोन-चारशे कमी घेऊन वेळेत पोचवा. मी असाच शिरलो. थेट पार्टी याच रस्त्याने मिळते, फोनवर नाही. एक काळजी घ्या, गाठी भरताना आजूबाजूला कोणी बिडी पेटवत नाही ना ते बघा. गाठीत ठिणगी गेली तर आत धुमसत राहते, ५० किलोमीटर पुढे गेल्यावर धूर दिसतो.

शहादा_ते_सुरत

पारोळेकर भाऊंचा तिसरा प्रश्न राहिलाच. ॲपचं.

मी रिटर्नसाठी वापरतो आणि चांगला अनुभव आहे. निजामाबादहून धुळ्याला तांदळाचं भाडं दोनदा ॲपवरूनच मिळालं, नाहीतर ओळख नसलेल्या गावात चार दिवस बसलो असतो. पण फसलोही आहे. एकाने फोन केला, मोठ्या कारखान्याचा माल आहे, दर बाजारापेक्षा टनाला ३०० जास्त. म्हणाला गेटपाससाठी ३,५०० आधी पाठवा, ॲडव्हान्समध्ये परत मिळतील. पाठवले. गेटवर गेलो तर वॉचमन म्हणाला, "आज तुम्ही तिसरे."

तेव्हापासून भाडं मिळवायला एक रुपयाही आधी देत नाही. भाडं आपल्याला पैसे देतं, आपण भाड्याला नाही. फसलातच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरवर फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. मी दुसऱ्या दिवशी केला, तोवर पैसे पुढे गेलेले.

तापीकाठचा_पोर

@शहादा_ते_सुरत "आज तुम्ही तिसरे" वाचून पोटात गोळा आला. किती घरं बुडवत असतील हे लोक.

चाळीसगाव_घाटरस्ता

थोडं विषय सोडून, पण दर ठरवताना उपयोगी आहे म्हणून लिहितो. २०२३ पासून कन्नडचा औट्रम घाट जड वाहनांना बंद आहे. धुळे-चाळीसगावकडून संभाजीनगरला जाणाऱ्यांना नांदगावकडून वळसा घ्यावा लागतो. अजूनही काही ट्रान्सपोर्टवाले जुनं अंतर धरून दर सांगतात. भाडं ठरवताना आपला रस्ता आपण मोजायचा, त्यांच्या डोक्यातला नाही.

आणि वजनाचं. दहा टायरची एकूण वजनमर्यादा २८ टन. गाडी रिकामी साधारण नऊ-साडेनऊ टन भरते, म्हणजे माल १८-१९ टन. डाळमिलवाला प्रेमाने म्हणतो, "चार टन जास्त टाकू, टनाचे पैसे मिळतील की." पकडलं तर दंड २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. शिवाय जादा माल तिथेच उतरवायला लावतात, त्याची हमाली वेगळी. तो दंड डाळमिलवाला भरत नाही.

नवापूर_हायवे

बिजासन घाटात जास्त वजनाची गाडी उतरताना ब्रेक तापल्याचा वास एकदा आला की माणूस आयुष्यभर काट्यावर दोनदा वजन करतो. माझं तसंच झालं.

भरीतपुरी_प्रेमी

मुंबई-आग्रा रोडला शिरपूरच्या अलीकडे शेवभाजी कुठे चांगली मिळते? घाटाचा विषय निघाला म्हणून विचारतो.

तीसवरीस_स्टेअरिंग

बेटा, जिथं गाड्या जास्त उभ्या तिथं थांब. शेवभाजीत तर्री वर तरंगली पाहिजे आणि भाकरी कळण्याची पाहिजे. बाकी पाटी वाचू नको. आता मूळ विषयावर या, पोराचे ३८,५०० अजून अडकलेलेच आहेत.

कोर्टाची_पायरी

मी जळगावला वकिली करतो. गाडीवाले माझ्याकडे बहुतेक उशिरा येतात, म्हणून दोन-तीन गोष्टी.

पहिली, आणि सगळ्यात महत्त्वाची: बॅलन्स देत नाही म्हणून पुढच्या खेपेचा माल अडवून ठेवू नका किंवा विकू नका. राग समजतो. पण सोपवलेल्या मालाचा वाहतूकदाराने अपहार केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पैसे तुमचे बुडालेले असतात आणि आरोपी तुम्ही होता. माझ्याकडे असे दोन जण आले आहेत, दोघंही कष्टाळू माणसं.

पोच परत न देण्याबद्दल लोक विचारतात. मूळ पोच ताब्यात ठेवून "आधी बॅलन्स द्या" म्हणणं वेगळी गोष्ट, तिथे माल पोचलेला असतो. पण ठरलेलं "पोच दिल्यावर बॅलन्स" असेल तर पोच न देता पैसे मागता येत नाहीत. म्हणून पोच द्या, पण पुराव्यासह द्या.

चेक घेतला आणि परत आला तर दिवस मोजा. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. एक तारीख चुकली की चांगली केस अडचणीत येते. साध्या वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते.

पारोळेकर, तुमच्याकडे पोच नाही म्हणून पुरावाच नाही असं समजू नका. त्या पाच खेपांची ई-वे बिलं (माल नेताना ऑनलाइन बनणारा जीएसटीचा कागद) शोधा. भाग अ मध्ये माल कुणाचा आणि कुणाकडे गेला ते असतं, भाग ब मध्ये तुमच्या गाडीचा नंबर असतो. फास्टॅगचं स्टेटमेंट काढा, गाडी कोणत्या दिवशी कोणत्या टोलवरून गेली ते वेळेसह मिळतं. काट्याच्या पावत्या असतील. ॲडव्हान्स खात्यात आला असेल तर ती नोंद. हे सगळं एकत्र लावलं की "माल पोचलाच नाही" असं कोणाला म्हणता येणार नाही.

पारोळेकर_दहाटायर

वकीलसाहेब, फास्टॅगचं डोक्यातच आलं नव्हतं. दोन दिवस गाडी खाली करण्यात जातील. रविवारी परत लिहितो.

चोपडा_जिनिंग

आणि माल घेणाऱ्याकडे पण जा किंवा फोन करा. त्याच्याकडे बिल्टीची एक प्रत असते. त्यावर त्याचीच सही आहे. बहुतेक जण झेरॉक्स देतात, त्यांचं तुमच्याशी भांडण नसतं.

रावेर_केळीपट्टा

हे चोपडावाल्यांनी सोन्यासारखं सांगितलं.

पारोळेकर_दहाटायर

मंडळी, उशीर झाला, पण सांगतो काय झालं.

हैदराबादच्या दोन डाळव्यापाऱ्यांना फोन केला. एकाने तासाभरात व्हॉट्सॲपवर प्रत पाठवली. दुसरा म्हणाला, पुढच्या वेळी आलास की घेऊन जा, आणि मी परवा तिकडेच गेलो होतो तर त्याच्या दिवाणजीने फाइल काढून दिली. चार खेपांच्या प्रती मिळाल्या. त्यातल्या एकीच्या मागे पेन्सिलने लिहिलंय, "२ कट्टे फाटके, ११ किलो कमी." अमळनेरच्या ताईंनी म्हटलं तसंच. मी तो कागद चार महिन्यांपूर्वी हातात धरला होता आणि मागे बघितलं नव्हतं.

पाचव्या खेपेची प्रत नाही, पण फास्टॅगचं स्टेटमेंट आणि ई-वे बिल आहे.

सगळं घेऊन ऑफिसात गेलो. आवाज चढवला नाही. टेबलावर एकेक कागद ठेवला, फक्त एवढंच म्हटलं की ११ किलोचे कापा, बाकीचे द्या. मालक बराच वेळ कागद बघत राहिला. मग म्हणाला, मुनशीने दोन पोचा खरंच दिल्या होत्या, त्या दुसऱ्या फाइलला लागल्यात. २६,००० त्याच दिवशी खात्यात आले. १,९०० आणि १,७५० चा फरक मात्र द्यायला तयार नाही, म्हणतो लिहिलेलं दाखव. ते २,७०० मी सोडले. उरलेले पंधरा दिवसांत देतो म्हणालाय, तेवढं मेसेजवर लिहून घेतलं.

उद्यम नोंदणी झाली, घरबसल्या, अर्ध्या तासात. टीडीएसचा कागद बनवलाय. आणि झिपची पिशवी घेतली, बायकोने त्यावर मार्करने गाडी नंबर लिहिलाय.

हिशेबवाली_अमळनेर

भाऊ, वाचून डोळ्यांत पाणी आलं. वहिनींना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांना हिशेबाची वही हातात द्या. बघा त्या कशा सांभाळतात.

धुळे_ट्रान्सपोर्टवाला

@पारोळेकर_दहाटायर माझ्याकडे सोमवारी निजामाबादचं भाडं आहे, मिरचीचं, नंदुरबारहून भरायचं. मिरची हलकी, पोती उंच जातात, ताडपत्री आणि रस्सी चांगली लागेल. दर टनावर नाही, गाडीवर, २९,०००. ॲडव्हान्स ८० टक्के, बॅलन्स मूळ पोच मिळाल्यापासून २० दिवसांत. कंपनी मला उशिरा देते, म्हणून २० सांगतोय. चालेल का?

पारोळेकर_दहाटायर

दादा, चालेल. हॉल्टिंगचं राहिलं. २४ तासांनंतर दिवसाचे किती?

धुळे_ट्रान्सपोर्टवाला

१,५००.

पारोळेकर_दहाटायर

१,८०० करा, निजामाबादला मागच्या वेळी अडीच दिवस उभा होतो. फास्टॅग आणि काट्याची पावती दाखवेन.

धुळे_ट्रान्सपोर्टवाला

ठीक, १,८००. व्हॉट्सॲपवर सगळं लिहून पाठवतो, ओके टाका. सोमवारी सकाळी सातला नंदुरबार मार्केटच्या गेटवर.